झोप होऊनही थकवा का उरतो?

नोव्हेंबर २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत जमीन हादरू लागली. डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी गाव आणि आसपासचे पाडे या धक्क्यांच्या केंद्रस्थानी होते. पुढील अनेक महिने लहान-मोठे धक्के बसत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी लागोपाठ धक्के बसले. त्यांपैकी सर्वांत मोठ्या धक्क्याची तीव्रता ४.१ इतकी होती. त्या दिवशी घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रशासनाने गावागावांत तंबू उभारले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी दाखल झाली आणि असंख्य कुटुंबांनी ऐन थंडीत घराबाहेर रात्री काढल्या.

भूकंपाची तीव्रता यंत्रावर नोंदली जाते, भिंतींना गेलेल्या तड्यांचे पंचनामे होतात. हिरावलेल्या झोपेचा पंचनामा मात्र होत नाही. अंथरुणावर आठ तास पडून राहायचे, मधेमधे डोळाही लागायचा आणि तरीही सकाळी अंग मोडून यायचे, हा अनुभव या परिसरातील रहिवाशांना महिनोन्‌महिने आला. भूकंपाचे भय नसलेल्या शहरी माणसालाही तो अपरिचित नाही. पंखा आहे, गादी आहे, दाराला कुलूप आहे. तरीही गजर वाजल्यावर उठवत नाही. या दोन्ही थकव्यांमागचे कारण पुष्कळ अंशी एकच आहे. झोप म्हणजे केवळ डोळे मिटून पडण्याचे तास नव्हेत. मेंदूला पहारा सोडता आला आणि शरीराचे घड्याळ बिघडले नसेल, तरच त्या तासांची विश्रांती होते.

पहाटेचे भूकंप आणि रात्रीची भीती

महाराष्ट्राच्या मनात भूकंप आणि रात्र यांचे नाते घट्ट बसलेले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्यामुळे रात्री घरात झोपावे की नाही, हा प्रश्न अशा परिसरात केवळ मनाचा खेळ ठरत नाही.

तलासरी-डहाणूचे धक्के त्या तुलनेत सौम्य होते. मात्र त्यांची जातकुळी वेगळी होती. एक मोठा धक्का आणि मग क्षीण होत जाणारे उत्तरधक्के, असा क्रम येथे नव्हता. थोड्या क्षेत्रात, कमी खोलीवर, दीर्घकाळ सुरू राहणारी ही लहान धक्क्यांची मालिका होती. धक्का उथळ असल्याने तीव्रता कमी असली तरी तो चांगलाच जाणवे आणि अनेकदा त्याच्यासोबत जमिनीतून स्फोटासारखा आवाज येई. मालिका केव्हा थांबेल आणि पुढचा धक्का दिवसा येईल की रात्री, हे सांगण्याचे शास्त्र अद्याप कोणाकडेही नाही. जुलै २०१९ मध्ये मध्यरात्रीनंतरच्या एका धक्क्यात घर कोसळून एकाचा बळी गेला. सप्टेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्यातही मध्यरात्रीच्या सुमारास धक्के बसले. नेमकी ही अनिश्चितताच झोपेची सर्वांत मोठी वैरीण ठरते. मोठे संकट येऊन गेले तर मन हळूहळू सावरते. मात्र संकट केव्हाही येऊ शकते अशी स्थिती असेल, तर शरीर दररोज रात्री नव्याने सावध होते.

इटलीतील लाक्विला या शहराचा अनुभव याच प्रकारचा आहे. तेथेही कित्येक महिने लहान धक्क्यांची मालिका सुरू होती आणि ६ एप्रिल २००९ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास झालेल्या मोठ्या भूकंपात तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर दोन वर्षांनी तेथील नागरिकांच्या झोपेची पाहणी करण्यात आली, तेव्हाही त्यांच्या झोपेचा दर्जा खालावलेलाच आढळला. जमीन स्थिरावली तरी झोप लगेच स्थिरावत नाही.

झोपेतही जागा राहणारा मेंदू

झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आवाज मेंदूपर्यंत पोहोचत राहतो आणि तो महत्त्वाचा की बिनमहत्त्वाचा, याची छाननी झोपेतही सुरू असते. म्हणूनच रेल्वेरुळांलगत राहणाऱ्या आईला धडधडत जाणाऱ्या गाडीने जाग येत नाही, पण बाळाच्या बारीक कुरकुरीने येते. स्वतःच्या नावाची हाक झोपलेला माणूसही इतर नावांपेक्षा चटकन ओळखतो.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री झोपलेल्या व्यक्तींच्या मेंदूचा डावा अर्धभाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, असे त्यांना आढळले. एक भाग झोपलेला आणि दुसरा अर्धवट पहाऱ्यावर, असा हा प्रकार असतो. काही दिवसांनी त्याच ठिकाणी पुन्हा झोपल्यावर मात्र हा फरक उरला नाही. पाहुण्याच्या घरी, हॉटेलात किंवा रुग्णालयात पहिल्या रात्री झोप नीट का लागत नाही, याचे उत्तर यात आहे.

हा पहारा अनेक रात्री चालू राहिला, तर झोपेचे तुकडे पडतात. काही सेकंदांपुरती जाग येते आणि पुन्हा डोळा लागतो. सकाळी त्यांतील बहुतेक जागांची आठवणही राहत नाही. ‘झोप तर झाली, पण अंगात त्राण नाही,’ ही तक्रार त्यातूनच येते. तंबूत झोपलेल्या कुटुंबांच्या बाबतीत भीतीच्या जोडीला थंडी, डास, खालची उंचसखल जमीन आणि शेजारच्यांची कुजबुज हेही होते. महामार्गाच्या कडेला राहणाऱ्यांच्या वाट्याला रात्रभर मालमोटारींचे कर्णे येतात. मुंबई-ठाण्यात त्यांची जागा दुचाकी, बांधकामे आणि मंडपातील ध्वनिक्षेपक घेतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा सोयीसाठी नाही, आरोग्यासाठी आहे.

तास मोजून झोप पुरी होत नाही

रात्रीची झोप एकसारखी नसते. सुमारे दीड तासाचे एक आवर्तन, अशी चार ते सहा आवर्तने एका रात्रीत होतात. प्रत्येक आवर्तनात उथळ झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप असे टप्पे येतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात असतो आणि शरीराची झीज भरून निघण्याच्या दृष्टीने तो मोलाचा असतो. स्वप्नांची झोप उत्तररात्री वाढत जाते. स्मरणशक्ती आणि भावनांचा तोल यांच्याशी तिचा संबंध आहे. त्यामुळे झोपेचे तुकडे पडले किंवा पहाटेचा भाग कापला गेला, तर तास पुरेसे भरूनही एखादा टप्पा अपुरा राहतो.

प्रौढ व्यक्तीला साधारणपणे ७ ते ९ तास, तर ६ ते १३ वर्षांच्या मुलांना ९ ते ११ तास झोप लागते, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय निद्रा प्रतिष्ठानाने २०१५ मध्ये केली. आपल्याला नेमकी किती झोप लागते, हे ओळखण्याची साधी खूण आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासानंतरही डोळ्यांवर झापड असेल, दुपारी बैठकीत किंवा बसमध्ये टेकताच डोळा लागत असेल आणि सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास अधिक झोपल्याशिवाय बरे वाटत नसेल, तर झोप अपुरी आहे किंवा तिचा दर्जा चांगला नाही. उठल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटे सुस्ती असणे मात्र स्वाभाविक आहे. गाढ झोपेतून एकाएकी उठवल्यास ही सुस्ती अधिक जाणवते. म्हणूनच दर पाच मिनिटांनी गजर पुढे ढकलत पडून राहण्याचा उपयोग होत नाही. त्या अर्ध्या तासात झोपही होत नाही आणि जागही येत नाही.

शरीराचे घड्याळ

झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे दिवसभरात साठत जाणारी झोपेची भूक. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि ते जितके साठेल तितका झोपेचा दाब वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे चोवीस तासांचे घड्याळ. हे घड्याळ चालवणाऱ्या पेशींतील यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकल रॉसबाश आणि मायकल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ प्रामुख्याने प्रकाशावर लावले जाते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की दिवस सुरू झाल्याची वर्दी मेंदूला मिळते आणि त्यानुसार रात्री मेलाटोनिन या संप्रेरकाची पातळी वाढण्याची वेळ ठरते. रात्री प्रखर दिवे आणि डोळ्यांजवळ धरलेला मोबाइल ती वेळ पुढे ढकलतात. चांगल्या झोपेची तयारी म्हणूनच सकाळपासून सुरू होते. ठरलेल्या वेळी उठून पंधरा-वीस मिनिटे उघड्यावर काढणे, मग ते गच्चीत असो, अंगणात असो वा स्थानकाकडे पायी जाताना असो, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ पाळणे अधिक महत्त्वाचे आहे. झोप हुकमाने लागत नाही, पण उठणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. एक वाईट रात्र गेली म्हणून सकाळी उशिरापर्यंत झोपले, की त्या रात्री झोपेची भूक अपुरी राहते आणि पुढची रात्रही बिघडते.

पाळी, लोकल आणि रविवार

तलासरी-डहाणूतील अनेक कामगार उंबरगाव, वापी आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीने काम करतात. रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्याचे शरीर झोपेसाठी थकलेले असते, पण उजेडामुळे घड्याळ जागे होण्याची सूचना देत असते. म्हणून त्यांची दिवसाची झोप तोकडी आणि उथळ राहते. अशांनी घरी परतताना डोळ्यांवर गॉगल लावावा, खोलीत जाड पडद्याने अंधार करावा आणि घरच्यांनी त्या वेळेत टीव्ही व दाराची घंटा बंद ठेवावी. पाळ्या बदलत असतील, तरी झोपेचे तीन-चार तास शक्य तितके रोज एकाच वेळी येतील अशी आखणी करावी. रात्रपाळी संपवून दुचाकीने महामार्गावरून परतणे धोक्याचे आहे. निघण्यापूर्वी वीस मिनिटांची डुलकी घेणे अधिक शहाणपणाचे.

एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि सुमारे १२० किलोमीटरवरील चर्चगेटला रोज ये-जा करणे अनेकांच्या आवाक्यात आले. मात्र त्यासाठी पहाटे चारला उठणे आले आणि रात्री परतून जेवण उरकेपर्यंत दहा-अकरा वाजणेही आले. गाडीत खिडकीला टेकून काढलेली डुलकी तरतरी देते. पण प्रत्येक स्थानकाला हलणारी ती झोप बहुधा उथळच असते. मग रविवारी दहापर्यंत झोपून भरपाई करण्याची प्रथा पडते. आठवड्यात चार वाजता आणि रविवारी दहा वाजता उठणारा माणूस दर आठवड्याला आपल्या घड्याळाचे काटे सहा तास मागेपुढे करत असतो. विमानाने परदेशी जाऊन आल्यावर जी अवस्था होते, तीच त्याची सोमवारी सकाळी होते. सुट्टीच्या दिवशी तासभर अधिक झोपावे आणि उरलेली भूक दुपारच्या अर्ध्या तासाच्या झोपेने भागवावी. दुपारी तीननंतर मात्र झोपू नये.

चहा, ताडी आणि मोबाइल

चहा-कॉफीतील कॅफिन अॅडेनोसिनची वाट अडवते. थकवा जात नाही, त्याची जाणीव तेवढी लपते. शरीरात गेलेल्या कॅफिनचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. सायंकाळी सहाच्या चहातील निम्मे कॅफिन रात्री अकरालाही शरीरात असते. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी दुपारनंतरचा चहा काही दिवस सोडून पाहावा.

‘थोडी घेतली की झोप चांगली लागते’ हा समज सर्वत्र आहे. मद्य असो वा ताडी, तिच्या अंमलाखाली डोळा लवकर लागतो हे खरे. पण अंमल उतरू लागला की उत्तररात्री झोप मोडते, लघवीला उठावे लागते, घोरणे वाढते आणि स्वप्नांची झोप कमी होते. भीती किंवा काळजी विसरण्यासाठी रोज असा आधार घेणाऱ्याची झोप महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट होते. भूकंपप्रवण भागात तर संकटाच्या वेळी शुद्धीवर असणे हेच मोठे संरक्षण आहे.

मोबाइलचा त्रास केवळ उजेडाचा नाही. धक्क्यांच्या दिवसांत ‘आज रात्री मोठा भूकंप येणार’ अशा मजकुराचे संदेश फिरतात. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारी कोणतीही पद्धत आजवर सिद्ध झालेली नाही, हे लक्षात ठेवले तरी असे संदेश निजण्यापूर्वी वाचण्याचे आणि पुढे धाडण्याचे कारण उरत नाही. शहरातील माणसाची झोपही अशाच रीतीने कार्यालयाच्या संदेशांनी पळते. फोन उशीपासून दूर, पण वाजल्यास ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवावा.

निर्धास्तपणाची तयारी

‘घाबरू नका, शांत झोपा’ हा उपदेश भ्यालेल्या माणसाला निरुपयोगी असतो. पहाऱ्यावरचा मेंदू उपदेशाने निश्चिंत होत नाही. धोका कमी झाल्याचे दिसल्यावर तो सैलावतो. त्यामुळे भूकंपप्रवण भागात घराची सुरक्षितता हाच झोपेचा पहिला उपचार आहे. अंथरूण कपाट, फळी, टांगलेली चौकट आणि तडे गेलेली भिंत यांपासून दूर घालावे. कपाट भिंतीला जखडावे. सैल कौले आणि कौलांवर ठेवलेले दगड काढून टाकावेत. उशाशी बॅटरी आणि चपला ठेवाव्यात. दाराचा मार्ग मोकळा असावा आणि कडी लहान मुलालाही काढता यावी. धक्का बसल्यास मुलांना कोण उचलणार, म्हाताऱ्यांना हात कोण देणार आणि बाहेर कोठे जमायचे, हे दिवसाउजेडी ठरवावे. पळापळीतच अधिक इजा होते, हे मुलांनाही सांगून ठेवावे. तडे गेलेले घर अभियंत्याकडून तपासून घेणे आणि ते राहण्याजोगे आहे की नाही याचे स्पष्ट उत्तर मिळणे, हा रहिवाशांचा हक्क मानला पाहिजे. कुडाच्या हलक्या भिंती आणि विटांच्या जड भिंती यांतील धोकाही सारखा नसतो. आपले घर कोणत्या प्रकारचे आहे, हे ठाऊक असले की भीतीला माप येते.

शहरात ही तयारी वेगळ्या रूपात करता येते. दार, गॅस आणि दिवे झोपण्यापूर्वी एकदाच तपासावेत. उद्याच्या कामांची यादी कागदावर लिहून काढावी. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या २०१८ च्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. काम कागदावर उतरले की ते डोक्यात राखण बसत नाही.

अंथरुणाशी जडलेली भीती

अनेक रात्री जागून काढल्यावर अंथरूण पाहूनच छातीत धडधडू लागते. धक्के थांबल्यावरही ही सवय टिकते. ती मोडण्याचा मार्ग साधा आहे, मात्र चिकाटीचा आहे. झोप येऊ लागल्यावरच अंथरुणावर जावे. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात काही शांत काम करावे आणि पुन्हा पेंग आल्यावरच आडवे व्हावे. घड्याळाकडे पाहू नये. अंथरुणावर जेवण, हिशेब, टीव्ही यांपैकी काहीही करू नये. सकाळी मात्र ठरलेल्या वेळीच उठावे. सुरुवातीचे काही दिवस थकवा वाढतो. नंतर अंथरूण आणि झोप यांचे नाते पुन्हा जुळते.

निद्रानाशावरील मानसोपचार पद्धतीत हेच घटक शास्त्रशुद्ध रीतीने वापरले जातात. दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी ही पद्धत वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये केली. झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेणे धोकादायक आहे. सवय लागते, वृद्धांचा तोल जातो आणि सोडल्यावर झोप अधिकच बिघडते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप न लागणे वा मोडणे, असे तीन महिने चालल्यास तो दीर्घकालीन निद्रानाश समजला जातो. मोठ्याने घोरणे, मधेच श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे ही झोपेतील श्वासरोधाची लक्षणे असू शकतात. त्यावर उपचार आहेत आणि ते टाळल्यास रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. पुरेशी झोप होऊनही थकवा असेल, तर रक्तक्षय, थायरॉइड आणि मधुमेह यांची तपासणी करावी. विशेषतः स्त्रियांमधील थकव्याचे मूळ झोपेऐवजी रक्तातील लोहाच्या कमतरतेत असणे दुर्मीळ नाही. संकट ओसरल्यावरही दुःस्वप्ने, दचकणे, जीव नकोसा वाटणे अशा तक्रारी राहिल्या, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

हे करून पाहा

– रविवारसह रोज एकाच वेळी उठा. फरक तासाभरापेक्षा अधिक नको.

– उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे उघड्यावर उजेडात घालवा.

– चहा-कॉफी दुपारपर्यंत. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास.

– दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा अधिक नको, तीननंतर नको.

– झोपण्यापूर्वीचा तास मंद दिव्यात, मोबाइलविना काढा.

– खोली अंधारी, हवेशीर आणि थंड ठेवा. डासांसाठी मच्छरदाणी लावा.

– काळजीची कामे दिवसा लिहून ठेवा. संकटाची तयारी दिवसा करा.

– झोप येत नसेल तर अंथरुणावर तळमळू नका, उठून बसा.

हे सारे पहिल्याच रात्री गुण देईल असे नाही. दोन ते तीन आठवडे नेमाने पाळल्यास मात्र फरक जाणवू लागतो. त्यांतील एकच गोष्ट करणे शक्य असेल, तर उठण्याची वेळ पाळावी. बाकीच्या सवयी त्या वेळेभोवती हळूहळू बसत जातात.